फॉर्म भरून कोण देणार?

बारावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारला घरोघरी एकच विषय, किती टक्के पडले. पण अ‍ॅडमिशन घेतलेल्यांपैकी डिग्री हातात घेऊन किती जण बाहेर पडले हे कोणी विचारतच नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत देशातलं कॉलेज प्रवेशाचं प्रमाण २८.४ टक्के होतं, आदिवासी मुलांचं २१.२, आणि नवीन शैक्षणिक धोरणाला २०३५ पर्यंत ५० टक्के गाठायचेत.

मग अडतं कुठे? २००८ मध्ये अमेरिकेत एक भारी प्रयोग झाला. टॅक्सचं रिटर्न भरायला आलेल्या कमी उत्पन्नाच्या लोकांपैकी काहींना तिथेच बसवून मुलांच्या शिक्षणासाठीच्या सरकारी मदतीचा फॉर्म भरून दिला, काहींना फक्त किती पैसे मिळू शकतात ते सांगितलं, आणि कोणाला काय मिळणार हे सोडतीसारखं ठरवलेलं, म्हणजे तुलना चोख. फॉर्म भरून दिलेल्या घरांतल्या बारावीच्या मुलांपैकी ३६ टक्के जणांनी पुढच्या तीन वर्षांत कॉलेजची दोन वर्षं पूर्ण केली, मदत न मिळालेल्यांत २८ टक्के. आणि नुसत्या माहितीने? काहीच फरक नाही!

आता आपलं महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचं सरकारी पोर्टल बघा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, कुठे व्हॅलिडिटी, खातं आधारला लिंक पाहिजे, आणि ओटीपी जातो वडिलांच्या मोबाईलवर, वडील धडगावच्या डोंगरात, रेंज नाही, इकडे सायबर कॅफेत पोरगी ताटकळतेय. आपण मात्र कॉलेजात योजनेचं पोस्टर लावून मोकळे.

अ‍ॅडमिशननंतरचं तर अजून अवघड. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये एक कार्यक्रम सुरू केला, त्यात उरलेली फी माफ, पुस्तकं, प्रवासाचा पास, आणि मुलांना नावानिशी ओळखणारा, नेमाने भेटणारा सल्लागार. तीन वर्षांत डिग्री घेणारे या कार्यक्रमात ४० टक्के, त्याशिवाय २२. एकेकटा उपाय एवढं करत नाही, सगळं एकत्र आणि सतत दिलं म्हणून झालं.

खान्देशात मुलांना डिग्रीपर्यंत नेण्याचं काम हातात घेणाऱ्या माणसाला आपलं कॅलेंडर वाचता आलं पाहिजे. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी जोरात, नंदुरबारकडची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे निघतात, आणि हजेरीपटावर नेमकी त्याच घरातली नावं गैरहजर दिसायला लागतात. परीक्षेचा फॉर्म राहिला, केटी लागली म्हणजे विषय राहिला, मग पोरगं लाजेने येतच नाही. तेव्हा घरी फोन करून "काय व्हयनं भाऊ, येत का नाही?" असं कोणीतरी विचारायला हवं, आणि ते काम शिकवून दमलेल्या प्राध्यापकाच्या गळ्यात न मारता त्यासाठी पूर्णवेळ, पगारी माणूस नेमायला हवा.