दहा कोटी नव्हे, एक्क्याण्णव कोटी!

चाळिशीत लेगो, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटा, जोडत बसतो म्हणून भुसावळात आमचा उद्धार रोज होतोच. मग मी एक आकडा तोंडावर फेकायचो: आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा १०,२९,८१,५०० प्रकारे जुळतात. खुद्द कंपनीही वर्षानुवर्षं हेच सांगायची. पण तो हिशेब निव्वळ एकावर एक चढवलेल्या सहामजली मनोऱ्यांचा! एका विटेवर दोन शेजारीशेजारी बसवल्या की ती रचना मोजणीतून बाद. डेन्मार्कचे गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाला सगळ्या मोजायला लावल्या: ९१,५१,०३,७६५. पटत नसेल तर दोनच विटा घ्या, २४ प्रकार निघतात. मी भरिताची वांगी भाजता भाजता मोजले. सतराव्याला आक्का ओरडली, "वांगं जळून राह्यलं ना, भाऊ!"