पांझरेकाठचे फड : नदीच्या स्वभावावर बेतलेली शेती

पांझरा काही मोठी नदी नाही. साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या डोंगरात ती उगम पावते, साक्री आणि धुळे गाठत पूर्वेला जाते आणि मग उत्तरेकडे वळून मुडावदजवळ तापीला मिळते. डोंगरात पाऊस बरा असतो, पण खाली मैदानात उतरावं तसा तो कमी होत जातो. मैदानी खानदेशात वर्षाकाठी सरासरी ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत आणि कधी चार दिवसांत. म्हणजे पाणी येतं एकीकडे आणि त्याची गरज असते दुसरीकडे. अशा नदीकाठी जो वरच्या अंगाला तो बागायतदार आणि जो खालच्या अंगाला तो कोरडवाहू, अशी गत व्हायला वेळ लागत नाही. पांझरेकाठी ती तशी झाली नाही. इथल्या गावांनी तीन-चारशे वर्षांपूर्वी नदीचं पाणी मिळून वाटून घ्यायची फड पद्धत बसवली. मोसम आणि आरम या नद्यांच्या काठीही ती होती. त्या नद्यांचं बागलाण आज नाशिक जिल्ह्यात असलं, तरी १८६९ पर्यंत खानदेशातच मोडत होतं.

निसर्गाकडून चांगलं जगणं शिकावं, हे आपण भाषणांतून पुष्कळ ऐकतो. खानदेशात हे शिक्षण बोलण्यात कमी आणि शेताच्या बांधांमध्ये जास्त उतरलं, असं मला वाटतं. म्हणून ही व्यवस्था कशी चालायची ते जरा सविस्तर पाहायला हवं.

सुरुवात नदीवरच्या बंधाऱ्यापासून. हा बंधारा ठेंगणा असतो. पाणी साठवणं हे त्याचं काम नव्हे. वाहतं पाणी थोडं उचलून बाजूच्या पाटात वळवलं की त्याचं काम झालं. पूर आला की तो सरळ बंधाऱ्यावरून निघून जातो. गिरणा आणि पांझरा यांना १८७२ मध्ये आलेल्या महापुरासारखे पूर या मुलखाने पाहिले आहेत, त्यामुळे नदीशी ताकदीची स्पर्धा करण्यात अर्थ नाही हे बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. बंधाऱ्यातून निघणारा पाट दोन किलोमीटरपासून बारा किलोमीटरपर्यंत लांब असे. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग म्हणजे शेतापर्यंतच्या लहान सऱ्या आणि सारंगातून शेत. जास्तीचं पाणी सांडव्यावाटे पुन्हा नदीत. सगळं उताराच्या जोरावर, कुठेही उपसा नाही. पाट उताराला धरून, वळणं घेत जातो, कारण पाण्याला जायची वाट पाण्यानेच ठरवायची असते.

खरी गंमत पाटाखालच्या जमिनीत आहे. ही जमीन बहुधा चार मोठ्या भागांत वाटलेली असते. हेच फड. एक फड दहा हेक्टरांचा असू शकतो तसा दोनशेचाही, पण बहुतेक शंभर-सव्वाशे हेक्टरांच्या आसपास. एका फडात एकच पीक. एकात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, तिसऱ्यात आणखी काही हंगामी पीक, आणि एखादा फड त्या वर्षी बिनपाण्याचा. पुढच्या वर्षी सगळं पुढे सरकतं. उसाची जमीन हलक्या पिकाखाली येते आणि विसावलेल्या जमिनीला पाणी मिळतं. पिकं फिरत राहिल्याने कस टिकतो. सततच्या पाण्याने जमीन चोपण आणि खारवट होते, तेही टळतं. जमिनीला विश्रांती लागते हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. ही विश्रांती प्रत्येकाच्या मर्जीवर न सोडता गावाच्या नियमात बसवली, हे मात्र फडाचं वेगळेपण.

आणखी एक गोष्ट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. बहुतेक शेतकऱ्यांच्या जमिनीचे तुकडे प्रत्येक फडात थोडेथोडे असत. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कमी भिजवायचा, असं पंच ठरवायचे. तो फड बंद राहिला की तोटा सगळ्यांना थोडाथोडा होई आणि एकाच घरावर कुऱ्हाड पडत नसे. टंचाईची वाटणी जमिनीच्या नकाशातच करून ठेवलेली होती. नदी देईल तेवढ्यात सगळ्यांचं भागवायचं तर आधी नदी किती देणार हे मान्य करावं लागतं आणि मग कोण किती घेणार हे ठरतं. आज आपण नेमकं उलट करतो.

ही शिस्त आपोआप टिकली नाही. पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार आणि उभ्या पिकाच्या राखणीला जागल्या असायचा. शेतकऱ्याने आपल्या हाताने चारी फोडायची नाही. कुणाच्या शेताला पाणी कधी, हे पाटकऱ्याने बघायचं. पाटातला गाळ काढायला, फुटका बंधारा सांधायला सगळ्यांनी यायचं. भांडणं होत नसत असं नाही. पण भांडण मिटवायची जागा गावातच होती.

अशी समज एकट्या फडापुरती नव्हती. तापीकाठच्या काळ्या जमिनीत मूग-उडीद निघाल्यावर पेरली जाणारी दादर ज्वारी पाहा. पाण्याची पाळी न देता, जमिनीत उरलेल्या ओलीवर ती उभी राहते, माणसाला दाणा देते आणि गुराला कडबा. जमिनीत ओल किती आहे ते आधी बघायचं, पीक मग निवडायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाण्याने भरलेल्या घागरीखाली पावसाच्या चार महिन्यांच्या नावाने चार ढेकळं ठेवायची आणि कोणतं किती भिजतं ते पाहायचं, ही रीतही त्याच वळणाची. त्या ढेकळांवरून पाऊस कळतो असं मी म्हणणार नाही. पण वर्षाचा बेत करण्याआधी पावसाचा विचार करायचा ही सवय त्यात आहे, आणि ती मोलाची आहे. पश्चिमेच्या डोंगरात कोकणा लोक मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाची पूजा मांडतात, सातपुड्यात भिल्ल-पावरा गावं वाघदेव पुजतात. जिथून अन्न येतं तिथे आधी हात जोडायचे आणि मग हात घालायचा, हा क्रम तिथेही दिसतो.

इंग्रजी अमलात या बंधाऱ्यांची नोंद सरकारी दप्तरात झाली, पाणीपट्टी लागली, पण फडाचा कारभार बराचसा लोकांच्याच हाती राहिला. याच काळात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले. साल १८८४. त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं साक्री तालुक्यातल्या दातर्तीजवळ पांझरेच्या पाण्यासाठी नळाचा सायफन बांधणं. पुढे एकोणिसावं शतक संपत असताना त्यांनी पुण्याकडच्या नीरा कालव्यावर गट पद्धत आणली. गटातल्या ठरावीक भागातच ऊस आणि बाकीत हंगामी पिकं, अशी ती आखणी. फडाशी तिचं साम्य कुणाच्याही लक्षात येईल. तरुण वयात त्यांनी पांझरेकाठी जे पाहिलं त्याची छाया तिच्यात असावी, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

मग फड मोडकळीला का आले? कारण एक नाही. विजेचे पंप आले आणि ज्याच्या विहिरीला पाणी त्याला पंचांची गरज उरली नाही. उसाला हमखास गिऱ्हाईक मिळालं, तेव्हा वर्षाआड ऊस सोडून हरभरा घेणं परवडेनासं झालं. वरच्या अंगाला धरणं झाली. लाटीपाडा, मालनगाव आणि अलीकडचं अक्कलपाडा यांनी नदीचं वाहणंच बदललं. धरणातून पाणी सुटलं तर पाट वाहणार, म्हणजे निर्णय गावाच्या पारावरून कार्यालयात गेला. त्यात वाळूचा उपसा. नदीचं पात्र खाली गेलं की पाणी पाटाच्या तोंडापर्यंत चढत नाही.

तापीच्या पलीकडे यावल-रावेरची कथा वेगळी दिसते, पण धडा तोच. सातपुड्याच्या पायथ्याला गोटे-वाळूचा एक पट्टा आहे. भूजलशास्त्रज्ञ त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून आलेल्या नद्यांचं पाणी तिथे मुरतं आणि खालच्या गाळाच्या जमिनीला मिळतं. त्या साठ्यावर केळीच्या बागा उभ्या राहिल्या आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मुरतं त्याहून उपसणं वाढलं आणि हे तालुके अतिउपशाच्या यादीत गेले. ठिबक संचाने झाडामागचं पाणी वाचवलं, हे मोठंच काम. मात्र वाचलेलं पाणी पुष्कळदा नव्या क्षेत्राखाली गेलं, कारण कुठे थांबायचं हे ठिबकची नळी सांगू शकत नाही. ते फडाचे पंच सांगायचे.

जुनी रीत पुन्हा उभी राहू शकते का, या प्रश्नाला साक्री तालुक्यातच एक उत्तर आहे. बारीपाडा हे कोकणा आदिवासींचं लहानसं गाव. १९९० च्या सुमारास तिथला डोंगर बोडका झाला होता आणि पाण्यासाठी पायपीट चालू होती. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने जंगल राखायचं ठरवलं. वृक्षतोडीला बंदी, मोडणाऱ्याला दंड आणि राखणीच्या पाळ्या, असे नियम गावाने स्वतः केले. आज सुमारे ११०० एकरांचं जंगल उभं आहे आणि विहिरींना पाणी आहे. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. गावात वनभाज्यांचा महोत्सव भरतो. आजूबाजूच्या बायका रानातल्या भाज्या रांधून आणतात, कोणती भाजी कोवळी असताना खायची आणि कोणती उकळून पाणी टाकूनच खायची ते सांगतात. जंगल गेलं असतं तर हे ज्ञानही गेलं असतं. जागल्याने पिकाची राखण करावी आणि गावाने जंगलाची, या दोन कामांत मला फरक दिसत नाही.

शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांच्या हाती पाण्याचा कारभार द्यावा, असा कायदा महाराष्ट्राने २००५ मध्ये केला. पांझरेकाठच्या ज्या गावांत फड अजून जिवंत आहेत, तिथे अशा संस्थेला नव्याने काही शोधायचं नाही. तिथे गरज आहे ती धरणातून वेळेवर आणि आधी सांगून सुटणाऱ्या पाण्याची, बंधाऱ्याखालचा वाळूउपसा बंद होण्याची आणि जुन्या पाटकऱ्यांच्या हाताखाली चार तरुण पोरं तयार होण्याची. यातलं शेवटचं काम सर्वांत घाईचं, कारण कोणत्या सारंगाला किती वेळ पाणी लागतं हे कोणत्याही दप्तरात लिहिलेलं नाही आणि ज्यांना ते माहीत आहे ती माणसं आता वयस्कर झाली आहेत.