छतावरच्या विजेला ग्रिडमध्ये हक्क कसा मिळाला

छतावर पॅनेल बसवायचे, जास्तीची वीज ग्रिडला द्यायची आणि तिचे पैसे घ्यायचे, हे आता इतके रुळले आहे की त्यामागे पन्नास वर्षांची भांडणे आहेत हे सहसा लक्षात येत नाही. ‘सौरदरात कपात’, ‘नेट मीटरिंग (ग्रिडला दिलेली वीज बिलातून वळती करणे) गुंडाळले’, ‘नागरिक ऊर्जा संस्थांना सवलत’ असे मथळे अधूनमधून येत राहतात. बारकाईने पाहिले तर वाद तीनच कलमांचा असतो. लहान उत्पादकाला ग्रिडची जोडणी द्यायलाच हवी का? त्याची वीज घ्यायलाच हवी का? आणि घ्यायची तर कोणत्या दराने, किती वर्षे? यंत्रे बऱ्याच आधीपासून होती. ही तीन कलमे नव्हती, आणि ती मिळवली प्रामुख्याने अणुऊर्जेविरुद्ध उभ्या राहिलेल्या लोकांनी.

सुरुवात डेन्मार्कपासून करावी लागते. पॉल ला कूर यांनी आस्कोव्ह इथे 1891 मध्ये पवनचक्कीवर वीज तयार केली होती. पण पुढच्या चक्क्यांना नमुना मिळाला तो गेडसरचा. तिथे योहानेस यूल यांनी 1957 मध्ये तीन पात्यांची 200 किलोवॅटची चक्की सुरू केली आणि ती 1967 पर्यंत चालली. तिच्यात असिंक्रोनस जनित्र होते. ग्रिडच त्याचा वेग धरून ठेवते, त्यामुळे वेगनियंत्रणाची महागडी यंत्रणा लागत नाही. वारा फार वाढला की पात्यांवरून वाहणारी हवा आपोआप सुटी होते आणि ताकद मर्यादेत राहते. धोका वेगळाच आहे. ग्रिडची वीज गेली की जनित्रावरचा भार क्षणात नाहीसा होतो आणि पाती सुसाट सुटतात. म्हणून यूल यांनी पात्यांची टोके वळणारी ठेवली; वेग हाताबाहेर जाऊ लागला की ती आडवी होऊन ब्रेक लावत. लहान कारखानदाराला जमेल इतकी ही रचना सोपी होती, आणि नेमकी हीच गोष्ट पुढे कामी आली.

1973 च्या तेलसंकटात डेन्मार्कची 90 टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात तेलावर चालत होती. सरकारने अणुभट्ट्यांची योजना पुढे केली. तिला विरोध करणारी ‘ओओए’ ही संघटना 1974 मध्ये स्थापन झाली आणि जगभर पोचलेला हसऱ्या सूर्याचा बिल्ला 1975 मध्ये तिथूनच निघाला. नुसत्या ‘नको’वर ही चळवळ थांबली नाही. क्रिस्टियान रीसागर या सुताराने गेडसरच्या धर्तीवर 22 किलोवॅटची चक्की बनवून ग्रिडला जोडली. ट्विंडच्या शाळेत शिक्षक आणि स्वयंसेवकांनी 1975 ते 1978 या काळात 54 मीटर व्यासाची चक्की स्वतः उभी केली.

1979 मध्ये सरकारने चक्कीच्या खर्चावर 30 टक्के अनुदान दिले, पण एका अटीवर: रिसो इथल्या चाचणी केंद्राचे प्रमाणपत्र हवे. एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक हवेत, हा तिथला आग्रह होता. अनुदानाच्या रकमेपेक्षा ही अट जास्त महत्त्वाची ठरली असे आमचे मत आहे. कच्ची यंत्रे बाजारातून गेली आणि चक्कीत पैसे घालायला शेजारीपाजारी तयार झाले. वीज कंपन्या ग्राहकदराच्या साधारण 85 टक्के देऊ लागल्या, तेव्हा गावोगावी चक्की-संस्था निघाल्या. एक भाग म्हणजे वर्षाला 1000 युनिट, असा सरळ हिशेब. 2000 मध्ये कोपनहेगनसमोरच्या समुद्रात मिडलग्रुंडेनच्या 20 चक्क्या (एकूण 40 मेगावॅट) उभ्या राहिल्या, तेव्हा त्यातल्या निम्म्या याच पद्धतीने 40,500 भाग विकून उभारल्या होत्या. अणुऊर्जा मात्र डेन्मार्कच्या संसदेने 1985 मध्येच नियोजनातून काढून टाकली होती.

अमेरिकेत हीच वाट कायद्यातून निघाली. 1978 च्या ‘पर्पा’ कायद्याने वीज कंपन्यांना लहान उत्पादकांची वीज घेणे सक्तीचे केले. दर होता ‘टळलेला खर्च’, म्हणजे तेवढी वीज कंपनीने स्वतः तयार केली असती तर तिला जो खर्च आला असता तो. ऐकायला वाजवी, पण हा आकडा काढणार कोण? कॅलिफोर्नियाने 1983 मध्ये एक नमुना करार आणला. त्यात पहिल्या दहा वर्षांचे दर आधीच छापलेले होते, आणि तेही तेल महागतच जाणार या अंदाजावर. 1986 मध्ये तेल कोसळले. करार मात्र बांधलेले राहिले, त्यामुळे कंपन्या ओरडू लागल्या. आणि अकराव्या वर्षी दर बाजाराला जोडले गेले तेव्हा उत्पादक आपटले. दर ठरवताना इंधनाच्या भावाचे भाकीत वापरू नये, हा धडा पुढे युरोपात कामी आला.

दोन पानांचा कायदा

पश्चिम जर्मनीत वील या गावच्या नियोजित अणुभट्टीची जागा शेतकरी, द्राक्षबागायतदार आणि फ्रायबुर्गच्या विद्यार्थ्यांनी फेब्रुवारी 1975 मध्ये ताब्यात घेतली. ती भट्टी कधीच झाली नाही. 1986 च्या चेर्नोबिलनंतर हा विरोध घराघरात गेला. त्याच भागातल्या शोनाऊ गावात पालकांनी अणुमुक्त भविष्यासाठी गट काढला. वीज वाचवण्याच्या स्पर्धांपासून त्यांनी सुरुवात केली आणि शेवटी गावाचे विद्युत जाळेच विकत घ्यायचे ठरवले. 1991 आणि 1996 अशी दोन सार्वमते त्यांनी जिंकली. तारा आणि रोहित्रांची किंमत किती, यावर मोठा वाद झाला: जुनी कंपनी 87 लाख मार्क मागत होती, गावकऱ्यांच्या तज्ज्ञांचा हिशेब त्याच्या निम्म्याहूनही कमी होता. ताबा अडू नये म्हणून देणग्या गोळा करून 57 लाख भरले, 1997 मध्ये जाळे हातात घेतले आणि मग किमतीसाठी कोर्टात गेले. आधी ताबा, मग तंटा, हा क्रम महत्त्वाचा होता. उलटे केले असते तर वर्षानुवर्षे जोडणीच मिळाली नसती.

दरम्यान पश्चिम जर्मनीची राजधानी असलेल्या बॉनमध्ये एक चमत्कारिक युती झाली. बव्हेरियातल्या लहान जलविद्युत केंद्रांची बाजू मांडणारे सीएसयू या बव्हेरियातल्या पुराणमतवादी पक्षाचे मथियास एंगेल्सबर्गर आणि ग्रीन पक्षाचे वोल्फगांग डॅनियल्स यांनी मिळून वीज-ग्रहण कायदा पुढे रेटला. जर्मनीच्या एकीकरणाच्या धामधुमीत मोठ्या वीज कंपन्यांचे लक्ष पूर्वेकडच्या मालमत्तांवर होते; जेमतेम दोन पानांचा हा मसुदा त्यांनी फारसा मनावर घेतला नाही. 1 जानेवारी 1991 पासून तो लागू झाला. पवन आणि सौर विजेला सरासरी ग्राहकदराच्या 90 टक्के मिळू लागले. पवनचक्कीला ते पुरत होते. सौर विजेचा उत्पादनखर्च मात्र युनिटला सुमारे 2 मार्क होता आणि हाती पडत होते साधारण 17 फेनिग (100 फेनिग म्हणजे 1 मार्क).

हा फरक भरून काढायची युक्ती आखेन शहरात निघाली. वोल्फ फोन फाबेक आणि त्यांच्या सौरऊर्जा संघटनेने मागणी केली की दर बाजारभावावर ठरवू नका, यंत्राच्या खर्चावर ठरवा: भांडवल, व्याज, देखभाल धरून 20 वर्षांत पैसे वसूल होतील इतका. तो बोजा सगळ्या ग्राहकांवर विभागायचा, वाढ जास्तीत जास्त एक टक्का. नगरपरिषदेने 1992 मध्ये होकार दिला, पण वीज कंपनी आणि दरनियंत्रकांशी घासाघीस होऊन प्रत्यक्ष पैसे सुरू व्हायला 1995 उजाडले. फ्रायझिंग आणि हामेलबुर्ग ही लहान गावे तोवर पुढे गेली होती. हामेलबुर्गमधल्या योजनेमागे होते हान्स-योसेफ फेल. तेच पुढे खासदार झाले आणि हेरमान शेअर यांच्यासह 2000 च्या अक्षय ऊर्जा कायद्याचे शिल्पकार ठरले.

1 एप्रिल 2000 पासून लागू झालेल्या त्या कायद्यात तिन्ही कलमे एकत्र आली. जोडणी सक्तीची, जोडणीपर्यंतच्या तारेचा खर्च उत्पादकाचा, जाळे मजबूत करण्याचा खर्च जाळे चालवणाऱ्याचा. खरेदी सक्तीची. दर 20 वर्षे पक्का, सौर विजेला युनिटला 99 फेनिग. पुढे दरवर्षी बसणाऱ्या नव्या यंत्रणांना 5 टक्क्यांनी कमी दर, म्हणजे उशीर करणाऱ्याला तोटा आणि कारखान्यांवर स्वस्त करण्याचा दबाव. पैसा सरकारी तिजोरीतून नव्हे, ग्राहकांच्या बिलातून येणार होता. यामुळे कायदा वाचला: जुन्या कायद्याबाबत युरोपीय न्यायालयाने मार्च 2001 मध्ये हे सरकारी अनुदान नाही असा निकाल दिला, कारण सरकारी पैसा हललाच नव्हता. बँकांना एवढेच हवे होते. दर आणि मुदत कायद्यात लिहिलेली असल्याने शेतकऱ्यालाही छतासाठी कर्ज मिळू लागले. 2012 पर्यंत जर्मनीतली अक्षय ऊर्जेची जवळपास निम्मी क्षमता व्यक्ती, शेतकरी आणि सहकारी संस्थांच्या मालकीची होती.

जिथे गाडी अडली

पहिली अडचण दराच्या वेगाची. पॅनेलचे भाव 2008 नंतर इतके झपाट्याने पडले की वर्षाला 5 टक्क्यांची ठरलेली कपात मागे राहिली. स्पेनने तर 2007 च्या फर्मानात नफ्याचा दर दिला आणि क्षमतेची मर्यादा नीट बांधली नाही. 2010 साठीचे उद्दिष्ट 371 मेगावॅट होते. एकट्या 2008 मध्ये 2500 मेगावॅटहून अधिक बसले. मग सरकारने आधीच्या यंत्रणांचेही दर कापले आणि आंतरराष्ट्रीय लवादांत दाव्यांची रांग लागली. ब्रिटनने 2011 च्या अखेरीस दर निम्म्यावर आणताना सल्लामसलत संपण्याआधीचीच तारीख लावली; ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ या पर्यावरण संघटनेने सौर कंपन्यांच्या जोडीने कोर्टात जाऊन ती बेकायदा ठरवून घेतली. जर्मनीने जुने दर कधी मोडले नाहीत. तिथे 2010 ते 2012 दरवर्षी सुमारे 7500 मेगावॅट बसत राहिले आणि बोजा ग्राहकांच्या बिलातल्या अधिभारात दिसला: 2010 मध्ये युनिटला 2.05 सेंट, 2014 मध्ये 6.24. गंमत अशी की सौर वीज वाढली की बाजारातला घाऊक भाव पडतो, आणि अधिभार म्हणजे ठरलेला दर वजा घाऊक भाव. म्हणजे घाऊक वीज स्वस्त होते त्याच कारणाने अधिभार वाढतो, आणि मथळा मात्र अधिभाराचाच होतो. मोठ्या उद्योगांना दिलेली सूट घरगुती ग्राहकांवर पडली, ती वेगळीच. जुलै 2022 मध्ये हा अधिभार बंद करून खर्च सरकारी निधीतून करायला सुरुवात झाली.

दुसरी अडचण यंत्रातली. छतावरचा इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज ग्रिडच्या एसीत बदलणारे यंत्र) वीज ढकलतो तेव्हा तारेतला विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढतो. लांब वाहिनीच्या टोकाला दहा-वीस छते असली की दुपारी दाब 253 व्होल्टपर्यंत, म्हणजे 230 च्या वर 10 टक्के, जातो आणि इन्व्हर्टर ग्रिडपासून आपोआप सुटतो. मालकाला वाटते पॅनेल बिघडले. दोष असतो तारेच्या जाडीचा. उपाय तीन: जाड तार, दाब बदलणारे रोहित्र, किंवा इन्व्हर्टरला रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण दाब आटोक्यात ठेवायला उपयोगी पडणारी वीज) घ्यायला लावणे. तिसरा सर्वांत स्वस्त.

याहून गंभीर होते 50.2 हर्ट्झचे प्रकरण. ग्रिडची नेहमीची वारंवारता 50 हर्ट्झ असते. जर्मनीत छते मोजकी होती तेव्हा नियम केला गेला की ती 50.2 वर गेली की इन्व्हर्टरने लगेच सुटावे. छते लाखांत गेल्यावर त्याचा अर्थ असा झाला की एखाद्या उन्हाच्या दुपारी वारंवारता किंचित चढली, तर हजारो मेगावॅट एकाच क्षणी गायब होतील. युरोपच्या जाळ्याची तातडीची राखीव क्षमता तर 3000 मेगावॅटच्या आसपास. 2012 मध्ये फर्मान निघाले आणि 10 किलोवॅटवरच्या तीन लाखांहून अधिक यंत्रणांच्या सेटिंग बदलाव्या लागल्या. नव्या इन्व्हर्टरनी 50.2 ते 51.5 या पट्ट्यात हर्ट्झमागे 40 टक्के या प्रमाणात उत्पादन हळूहळू उतरवायचे असते.

तिसरी अडचण लिलावांची. जर्मनीत 2017 पासून पवनऊर्जेचा दर लिलावात ठरू लागला; कमी दर मागणाऱ्याला काम. लहान संस्थांवर अन्याय नको म्हणून ‘नागरिक ऊर्जा कंपनी’ला परवान्याआधीच बोली लावता येईल आणि बांधायला 54 महिने मिळतील, अशी मुभा दिली. पात्रतेला किमान दहा व्यक्ती आणि स्थानिकांकडे बहुमत एवढे पुरे. व्यावसायिक विकासकांनी ओळखीतल्या लोकांच्या अशा कंपन्या उभ्या केल्या आणि त्या वर्षीच्या लिलावांतली 90 टक्क्यांहून अधिक क्षमता याच नावाखाली गेली. दर 5.71 सेंटवरून 3.82 वर आले, पण चक्क्या उभ्या राहिनात. परवान्यांचे अडथळे आणि कोर्टकज्जे होतेच. परिणामी 2017 मध्ये जमिनीवर 5300 मेगावॅट बसले होते, ते 2019 मध्ये हजाराच्या आसपास आले. 2023 पासून खऱ्या संस्थांना 18 मेगावॅटपर्यंत लिलावातूनच सूट आहे आणि सदस्यांची अट किमान 50 व्यक्तींची केली आहे.

सध्याची ओढाताण दुपारच्या विजेवरून आहे. कॅलिफोर्नियाने एप्रिल 2023 पासून नव्या छतांसाठी ग्राहकदराने वळती करणे बंद केले. ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला साधारण तीन चतुर्थांशाने घटला. जर्मनीच्या फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीनुसार घाऊक भाव शून्याखाली असलेल्या वेळेत नव्या यंत्रणांना पैसे मिळत नाहीत; तो काळ 20 वर्षांच्या शेवटी भरून दिला जातो. शिवाय स्मार्ट मीटर आणि नियंत्रणपेटी बसेपर्यंत बहुतेक नव्या लहान यंत्रणांना पॅनेल क्षमतेच्या 60 टक्क्यांवर वीज बाहेर पाठवता येत नाही. म्हणून आता पॅनेल सरसकट दक्षिणेकडे न लावता पूर्व-पश्चिम विभागतात, आणि बॅटरी सकाळी आठ-नऊलाच भरून जाऊ नये, दुपारच्या शिखरासाठी मोकळी राहावी, अशी इन्व्हर्टरची सेटिंग करतात. मीटर बसवणे मात्र छताच्या मालकाच्या हाती नाही. ते काम मीटर-चालकाचे, आणि बहुतेक ठिकाणी तो म्हणजे जाळे चालवणारी स्थानिक कंपनीच.