२८ दिवसांत किती? जैवविघटनाच्या कसोटीमागचा इतिहास

भांडी घासायच्या लिक्विडपासून यंत्राचं ग्रीज काढणाऱ्या द्रावणापर्यंत कितीतरी बाटल्यांवर आज ‘बायोडिग्रेडेबल’ असं छापलेलं असतं. किती दिवसांत, कसल्या पाण्यात, किती टक्के आणि नेमकं काय मोजून, हे सोबत सांगितलं नाही तर त्या छापण्याला काही अर्थ नाही. या प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या कसोट्या एका बैठकीत ठरलेल्या नाहीत. नद्या बिघडल्या, माणसं आजारी पडली आणि त्यातून त्या एकेक करून घडत गेल्या.

सुरुवात मैल्यापासून झाली. ब्रिटनमध्ये सांडपाण्याच्या प्रश्नावर १८९८ साली एक शाही आयोग (रॉयल कमिशन) नेमला गेला. त्याच्या १९१२ च्या आठव्या अहवालाने पाच दिवसांच्या बीओडी (जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी) चाचणीला अधिकृत जागा दिली. बाटलीत पाणी बंद करायचं आणि पाच दिवसांत जीवाणूंनी किती ऑक्सिजन खाल्ला ते मोजायचं. पाचच दिवस का, तर तिथल्या नद्यांना समुद्र गाठायला त्याहून जास्त वेळ लागत नाही, असं कारण सांगितलं जातं. आपल्याकडे हीच चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस करतात, कारण उबदार पाण्यात जीवाणूंचं काम लवकर उरकतं. पण बीओडी सांगतो तो पाण्यातल्या एकूण घाणीचा ऑक्सिजनवर पडणारा भार. अमुक एक रसायन जीवाणूंना पचतं का, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारलाच नव्हता.

तो विचारायला लावला डिटर्जंटने. दुसऱ्या महायुद्धानंतर साबणाची जागा पेट्रोलियमपासून बनवलेल्या सर्फॅक्टंटने, म्हणजे मळ सोडवणाऱ्या, फेस करणाऱ्या रसायनाने घेतली. सर्वांत स्वस्त होता तो प्रॉपिलीनचे चार रेणू जोडून केलेला, फांद्या फुटलेल्या कार्बन साखळीचा. जीवाणू अशी साखळी टोकाकडून दोन-दोन कार्बनचे तुकडे तोडत खातात आणि फांदीपाशी अडतात. मैलाशुद्धीकरण केंद्रातून हा सर्फॅक्टंट बराचसा तसाच बाहेर पडू लागला. जर्मनीत नद्यांच्या बंधाऱ्यांपाशी फेसाचे ढीग साचले, ब्रिटनमध्ये शुद्धीकरणाच्या टाक्या फेसाखाली दिसेनाशा झाल्या, अमेरिकेत काही ठिकाणी विहिरीचं पाणी नळातून फेसाळत येऊ लागलं.

जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला आणि ऑक्टोबर १९६४ पासून किमान ८० टक्के विघटनाची अट लागू झाली. अमेरिकी उद्योगाने १९६५ च्या मध्यापर्यंत आपणहून सरळ साखळीचा सर्फॅक्टंट स्वीकारला. १९७३ मध्ये युरोपीय समुदायाने सरासरी ९० टक्क्यांची अट घातली. नद्यांवरचा फेस खरोखरच कमी झाला. एका रेणूचा आकार बदलून इतका फरक पडल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

मात्र हे ८० आणि ९० टक्के कशाचे, ते बघायला हवं. मोजणी मिथिलीन ब्लू या रंगावर चालायची. सर्फॅक्टंटचा रेणू या रंगाशी जोडी करून क्लोरोफॉर्ममध्ये उतरतो आणि क्लोरोफॉर्म जितका निळा, तितका सर्फॅक्टंट शिल्लक. जीवाणूंनी साखळी थोडीशी कुरतडली तरी ही जोडी जमत नाही. निळा रंग जातो, पण साखळीला जोडलेलं बेंझिनचं कडं (सहा कार्बनचं वलय) आणि उरलेला तुकडा पाण्यातच असतो. मूळ रेणू हरवला एवढंच ही चाचणी सांगू शकत होती. याला प्राथमिक विघटन म्हणतात.

प्राथमिक विघटनावर थांबण्याचा धोका नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट या दुसऱ्या सर्फॅक्टंटने दाखवला. त्याचा मूळ रेणू सहज तुटायचा, त्यामुळे कागदावर तो उत्तीर्ण. १९८४ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी मैल्याच्या गाळात नॉनिलफिनॉल साठत असल्याचं दाखवून दिलं. हा अवशेष मूळ पदार्थापेक्षा विषारी आणि चिवट होता. पुढे तो सजीवांच्या शरीरात इस्ट्रोजेनसारखा वागतो हेही कळलं. युरोपने त्यावर निर्बंध आणले ते २००३ मध्ये. त्यानंतर २००४ च्या डिटर्जंट नियमावलीने सर्फॅक्टंटचं संपूर्ण विघटन, म्हणजे कार्बन डायऑक्साइडपर्यंत, बंधनकारक केलं.

जपान वेगळ्या दुःखातून याच ठिकाणी आला. १९६८ मध्ये तिथे तांदळाच्या कोंड्याच्या तेलात पीसीबी हे क्लोरीनयुक्त, विषारी औद्योगिक रसायन मिसळलं गेलं आणि पश्चिम जपानमध्ये लोक मोठ्या संख्येने आजारी पडले. निसर्गात न तुटणारी आणि शरीरात साठणारी रसायनं बाजारात येण्याआधीच अडवायची, या विचारातून तिथे १९७३ चा रसायन नियंत्रण कायदा झाला. नव्या रसायनाची विघटन चाचणी आधी, उत्पादन नंतर. त्या चाचणीसाठी देशभरातल्या दहा ठिकाणांहून जीवाणू गोळा करून एकत्र वाढवतात.

हे सगळे धागे ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेने १९८१ मध्ये रसायन चाचण्यांच्या मार्गदर्शिकेत एकत्र केले. त्या मार्गदर्शिकेतली ३०१ क्रमांकाची चाचणी १९९२ मध्ये सुधारली गेली आणि आजही तीच पायाभूत आहे. तिच्या सहा पद्धती आहेत, कल्पना मात्र एक. क्षारांच्या पाण्यात ते रसायन हेच कार्बनचं एकमेव खाद्य ठेवायचं, त्याची सवय नसलेले थोडेसे जीवाणू सोडायचे आणि साधारण २२ अंशांवर २८ दिवस वाट बघायची. विरघळलेला सेंद्रिय कार्बन ७० टक्के घटला पाहिजे. ऑक्सिजन किंवा कार्बन डायऑक्साइड मोजत असाल तर ६० टक्के. शंभर का नाही? कारण उरलेल्या कार्बनमधून जीवाणू स्वतःचं शरीर बांधतात. शिवाय विघटन १० टक्क्यांवर पोचल्यापासून दहा दिवसांच्या आत ही पातळी गाठावी लागते. शेजारच्या बाटलीत सोडियम बेंझोएटसारखा सहज पचणारा पदार्थ असतो. तो चौदाव्या दिवसापर्यंत उत्तीर्ण झाला नाही, तर सगळी चाचणी रद्द.

ही कसोटी जाणूनबुजून कडक ठेवली आहे, आणि ते मला योग्य वाटतं. इतक्या थोड्या जीवाणूंना जे पचलं ते शुद्धीकरण केंद्रात नक्की पचेल, असा भरवसा त्यातून मिळतो. उलट, नापास झालेला पदार्थ कधीच तुटणार नाही असा अर्थ मात्र काढता येत नाही. त्याला भरपूर गाळ असलेल्या ३०२ क्रमांकाच्या चाचण्यांची पुढची संधी असते.

आपला संबंध दोन बाजूंनी येतो. युरोपात वर्षाला एक टनापासून पुढे सेंद्रिय रसायन जाणार असेल, तर ‘रीच’ या तिथल्या रसायन नोंदणीच्या नियमांनुसार ही माहिती सहसा द्यावीच लागते. २०११ पासून भारतातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांचे निष्कर्ष ओईसीडी देशांना मान्य असल्यामुळे ती चाचणी इथेच करता येते.

दुसरी बाजू आपल्या नद्यांची. आळंदीत इंद्रायणीवर आणि दिल्लीत यमुनेवर फेस दिसतो, तेव्हा लोक विचारतात की डिटर्जंट विघटनशील असेल तर हा फेस कसा? आपल्याकडे बहुतांशी सरळ साखळीचाच सर्फॅक्टंट वापरतात. त्याचा कच्चा माल रायगड जिल्ह्यात पाताळगंगेलाही तयार होतो. पण ३०१ चाचणी ऑक्सिजन मुबलक आहे असं धरून चालते. प्रक्रिया न केलेला मैला मिसळला की नाल्यातला ऑक्सिजन संपतो आणि ऑक्सिजनशिवाय हा सर्फॅक्टंट जवळजवळ तुटत नाही. विनाऑक्सिजन विघटनासाठी ओईसीडीची ३११ क्रमांकाची वेगळी चाचणी २००६ पासून आहे. २००४ च्या युरोपीय नियमावलीने तशी अट घातली नव्हती, कारण तिथलं बहुतेक सांडपाणी हवा खेळवणाऱ्या टाक्यांतून जातं. जिथे ते थेट नाल्यात सोडलं जातं, तिथे ३११ चा निकाल मागायलाच हवा.