पगार एकाचा, कर्ज दुसऱ्याचं

अमेरिकेत ४ जुलै २०२५ रोजी एका भल्यामोठ्या कायद्यावर सही झाली. करकपातीच्या गदारोळात त्यातलं उच्च शिक्षणाचं एक कलम फारसं कुणाच्या नजरेत आलं नाही. अभ्यासक्रम पूर्ण करून चार वर्षं झालेल्या विद्यार्थ्यांची मधली कमाई (कमाईच्या क्रमाने रांग लावली तर मधोमध येणाऱ्याची) घ्यायची आणि ती त्याच राज्यातल्या, फक्त बारावीपर्यंत शिकलेल्या २५ ते ३४ वयाच्या कमावत्या लोकांच्या मधल्या कमाईशी ताडून बघायची. तीन वर्षांत दोनदा अभ्यासक्रम खाली राहिला, तर त्यासाठी सरकारी शैक्षणिक कर्ज बंद.

या कात्रीत सापडू शकतील अशा अभ्यासक्रमांत कम्युनिटी कॉलेजातली (म्हणजे कमी फीच्या स्थानिक सरकारी कॉलेजातली) मानसिक आरोग्याची दोन वर्षांची असोसिएट पदवी येते. ती घेतलेली मुलं व्यसनमुक्ती केंद्रात, मनोरुग्णांच्या निवासी गृहात किंवा एखाद्या सेवाभावी संस्थेत मदतनीस म्हणून लागतात. अमेरिकी कामगार सांख्यिकी खात्यानुसार समाजसेवा मदतनिसाचा मधला पगार मे २०२३ मध्ये वर्षाला ४१,४१० डॉलर होता. गंमत म्हणजे त्याच खात्याच्या नोंदीत या कामाला लागणारं किमान शिक्षण ‘बारावी’ असं आहे. मग पदवीचा फायदा पगारात दिसावा तरी कसा?

पण मला लिहायचंय ते हे आकडे जन्माला कसे येतात त्याबद्दल. अमेरिकी शिक्षण खात्याचं ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ हे कॉलेजांची माहिती देणारं संकेतस्थळ २०१५ पासून आहे. २०१९ पासून त्यात प्रत्येक कॉलेजच्या अभ्यासक्रमांसमोर मधली कमाई आणि मधलं कर्ज शेजारी शेजारी दिसू लागलं. ते बघून लोक लगेच भागाकार करतात: इतकं कर्ज, इतका पगार, इतक्या वर्षांत फिटेल. एका दुकानाचा गल्ला आणि दुसऱ्या दुकानाची उधारीची वही शेजारी ठेवून नफा काढावा, तसला हा हिशेब आहे.

आधी मधली कमाई, म्हणजे शाळेत शिकलेला मध्यक. समजा पाच जणांचे पगार २८, ३१, ३३, ३६ आणि ९० हजार आहेत. सरासरी येते ४३,६००, आणि पाचपैकी चौघं तिच्या खाली. मध्यक ३३ हजार, तो बऱ्यापैकी खरं सांगतो. (आपल्याकडे कॉलेजांच्या होर्डिंगवर झळकणारं ‘हायेस्ट पॅकेज’ हे यातलं ९० हजारवालं पोरगं. राष्ट्रीय क्रमवारीसाठी, म्हणजे एनआयआरएफला, हीच कॉलेजं मध्यक पगार कळवतात. तो होर्डिंगवर कधी पाहिलाय?)

आता हा मध्यक कुणाचा? शिक्षण खात्याकडे कुणाचा पगार किती याची माहिती नसते, ती कर खात्याकडे असते. म्हणून ज्यांनी सरकारी अनुदान किंवा कर्ज घेतलं, त्यांची यादी कर खात्याकडे जाते. तिथे मालकाने कळवलेला पगार आणि स्वतःच्या धंद्याची कमाई यांची बेरीज होते. पहिली चाळणी इथेच लागली: ज्याने सरकारी मदत घेतलीच नाही, तो यादीत नाही. दुसरी चाळणी: ज्यांची त्या वर्षी कमाईच नाही, ते वगळले. तिसरी सगळ्यात मोठी: जे अजून शिकतायत, तेही वगळले. अमेरिकेत परवानाधारक समुपदेशक व्हायला साधारणपणे मास्टर्स लागते. म्हणजे या विषयात टिकून पुढे जाणारी मुलं मोजणीच्या वेळी वर्गात बसलेली असू शकतात, आणि आकडा उरतो तो बराचसा दोन वर्षांवर थांबलेल्यांचा.

एवढ्यावर भागत नाही. कर खातं जो आकडा परत देतं, त्यात मुद्दाम थोडा गोंगाट मिसळलेला असतो, म्हणजे खरा आकडा जरासा इकडेतिकडे हलवलेला असतो. यादीत एखादं नाव असलं काय नि नसलं काय, बाहेर आलेल्या आकड्यावरून ते ओळखता येऊ नये, एवढाच गोंगाट. आधी चाळीस जणांची बेरीज जाहीर केली, मग एकेचाळीस जणांची, तर वजाबाकी करून एकेचाळिसाव्याचा पगार कुणीही काढेल. दोन्ही बेरजा यादृच्छिक पद्धतीने जराशा हलवल्या की ही चोरी फसते. गट मोठा असेल तर तेवढा धक्का पचतो. वर्गात जेमतेम पाच-पंचवीस पोरं असतील तर तो जाणवतो, आणि फारच कमी असतील तर आकडा झाकूनच ठेवतात. त्यामुळे दोन छोट्या कॉलेजांत काहीशे डॉलरचा फरक दिसला, तर त्यावरून निवड करण्यात अर्थ नाही.

कर्जाचा मध्यक तर वेगळ्याच लोकांचा. तो फक्त कर्ज घेतलेल्यांतून काढतात. २०२४-२५ मध्ये कम्युनिटी कॉलेजची सरासरी वार्षिक फी ४,०५० डॉलर होती आणि गरीब विद्यार्थ्याला मिळणारं पेल अनुदान जास्तीत जास्त ७,३९५. पूर्ण अनुदान मिळालं की फी त्यातच भागते, त्यामुळे तिथले बहुतेक विद्यार्थी सरकारी कर्ज घेतच नाहीत. घेतात ते घरभाडं, पेट्रोल, पाळणाघर यांसाठी. शंभरातल्या वीस जणांनी कर्ज काढलं, तर मध्यक त्या विसांचा. उरलेल्या ऐंशींचं शून्य मोजलंच जात नाही. खासगी बँकेचं कर्ज आणि क्रेडिट कार्डाची थकबाकीही त्यात धरत नाहीत. नव्या कायद्याचा धाक कर्ज बंद करण्याचा. जिथे कर्ज घेणारेच थोडे, तिथे तो किती चालेल कोण जाणे. बदनामी मात्र पुरेपूर होईल.

भरीस भर म्हणून वर्गीकरणाचा घोळ. अभ्यासक्रमांच्या सरकारी यादीत ‘५१.१५’ या एकाच सांकेतिक क्रमांकाखाली व्यसनमुक्ती समुपदेशन, मनोरुग्ण सेवेतले तंत्रज्ञ आणि सामुदायिक आरोग्यसेवा असे सगळे बसवलेत. कॅलिफोर्नियात मनोरुग्णसेवेच्या तंत्रज्ञाला स्वतंत्र सरकारी परवाना मिळतो आणि तो रुग्णांना औषधं देऊ शकतो. बऱ्याचशा राज्यांत असा परवानाच नाही. एकच क्रमांक, एकच पदवी, पण राज्याची सीमा ओलांडली की काम वेगळं नि पगारही वेगळा.

पुण्या-नाशिकहून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्या मुलांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. त्यांना अमेरिकी सरकारी मदत मिळत नाही, त्यामुळे या दोन्ही आकड्यांत त्यांच्यासारखं कुणीच नसतं. फीसुद्धा स्थानिकांपेक्षा जास्त पडते. एजंट स्कोअरकार्डचा पगार दाखवू लागला, तर त्या राज्याच्या परवाना मंडळाची अट आधी काढून वाचा: असोसिएट पदवीवर नेमकं कोणतं काम करता येतं, आणि त्याआधी देखरेखीखाली किती तास भरावे लागतात.