कोयनेचे हादरे: धरणाचं पाणी आणि खालचा खडक

पाटण खोऱ्यात भूकंप आधी ऐकू येतो. जमिनीच्या पोटातून घुमल्यासारखा आवाज येतो, मांडणीवरची पितळी भांडी किणकिणतात, कौलांच्या फटीतून थोडी माती ओघळते. आपण उठून अंगणात जाईपर्यंत सगळं शांत झालेलं असतं. आमच्या आजीनं असे किती धक्के काढले याची मोजदाद नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी येतात: कोयना परिसरात सौम्य धक्का, धरण सुरक्षित. त्या दोन ओळींमागे साठ वर्षांचा इतिहास आहे.

कोयनेवरचं 103 मीटर उंचीचं धरण उभं राहत असतानाच, 1962 च्या सुमारास, शिवसागर जलाशयात पाणी अडायला लागलं. थोड्याच दिवसांत हेळवाक-कोयनानगर भागातल्या लोकांना बारीक हादरे जाणवू लागले. तोपर्यंत दख्खनचं पठार म्हणजे न हलणारी जमीन असाच समज होता आणि भूकंपमापकही जवळात जवळ म्हणजे थेट पुण्याला. त्यामुळे 'पूर्वी इथं काही होत नव्हतं' हे म्हणणं तपासून पाहायलाही फारसा आधार नव्हता. धक्के वाढले तशी धरणाच्या आसपास यंत्रं बसली.

13 सप्टेंबर 1967 ला पाचाच्या वरचा मोठा धक्का बसला. त्यानंतर तीन महिन्यांनी, 11 डिसेंबरच्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी, 6.3 क्षमतेचा भूकंप झाला. थंडीचे दिवस, माणसं घरात झोपलेली. दगडमातीच्या भिंती आतल्या आत बसल्या. सुमारे दोनशे माणसं गेली, दीड-दोन हजारांहून अधिक जखमी झाली, कोयनानगरची वसाहत भुईसपाट झाली. मुंबईची वीज गेली. धरणाच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या, पण भिंत टिकली. पुढं काँक्रीटचे आधार देऊन ती मजबूत केली गेली. धरण फुटल्याची अफवा खोऱ्यात पसरली तेव्हा लोक अंधारात डोंगराकडं पळाले, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. भूकंपाच्या भीतीत पाण्याची भीती मिसळली ती तेव्हापासून, आणि आजही धक्का बसला की आमच्याकडं पहिला प्रश्न धरणाचाच असतो.

मग भूकंप धरणामुळे होतात का? गावात याचं उत्तर ठाम 'हो' असं मिळतं. शास्त्रज्ञांचं उत्तर त्याच्या जवळ जाणारं आहे, पण त्यात एक महत्त्वाचा फरक आहे. धरणात 105 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, म्हणजे जवळजवळ 300 कोटी टन वजन. ऐकायला प्रचंड वाटतं. तरी 75 मीटर खोल पाण्याचा तळावरचा दाब वातावरणाच्या दाबाच्या साडेसात पट भरतो, तर 5 किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच दाब सुमारे 1300 पट असतो. एवढ्याशा भारानं धडधाकट खडक तुटणार नाही. खालचे जुने भेगाळलेले पट्टे भूगर्भातल्या ताणानं आधीच तुटायच्या बेताला आले होते. पाणी भेगांतून खाली झिरपतं, तिथल्या छिद्रांतला दाब वाढवतं, आणि एकमेकांना घट्ट धरून बसलेले खडक सरकतात. ताण जमिनीचा, निमित्त पाण्याचं. म्हणून तर जगात हजारो धरणं असूनही फार थोड्याच ठिकाणी असं घडलं, आणि जलाशयाशी जोडल्या गेलेल्या भूकंपांत कोयनेचा 1967 चा भूकंप आजवरचा सर्वांत मोठा मानला जातो.

पाणी नुसतं किती आहे यावर सगळं ठरत नाही. ते किती वेगानं चढतं, किती उंचीपर्यंत जातं आणि तिथं किती काळ राहतं, यावर बरंच अवलंबून असतं, असं भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून दाखवलं. पावसाळ्यात तलाव भरला की धक्के वाढतात, पुढं हिवाळ्यात पातळी उतरू लागली की पुन्हा वाढतात. दक्षिणेला चांदोलीजवळ वारणेचं पाणी 1985 पासून अडलं आणि नव्वदच्या दशकात धक्क्यांचा जोर तिकडं सरकला. आजवर पाच किंवा त्याहून मोठे वीसहून अधिक भूकंप झाले. लहान धक्क्यांची संख्या तर लाखाच्या पलीकडं आहे. आणि हे सगळं जेमतेम 30 किलोमीटर लांब आणि 20 किलोमीटर रुंद पट्ट्यात, बहुतेक 10 किलोमीटरांच्या आतल्या खोलीवर. उगम इतका उथळ असल्यानंच तो आवाज आपल्या कानापर्यंत येतो.

या एका पट्ट्यानं देशाचा भूकंप नकाशा बदलायला लावला. 1967 नंतर कोयना परिसर थेट चौथ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या, क्षेत्रात गेला. सरकारी नोकरीच्या अर्जात प्रकल्पग्रस्ताशेजारी 'भूकंपग्रस्त' असाही रकाना असतो. आमच्या खोऱ्यात अशी घरं आहेत ज्यांची जमीन आधी पाण्याखाली गेली आणि उरलेलं घर नंतर भूकंपात पडलं.

आता खडकाच्या आत उतरूनच शोध चालला आहे. कराडला त्यासाठी प्रयोगशाळा उभी आहे. गोठणे इथं 2017 मध्ये 3 किलोमीटर खोल विवर खोदलं गेलं. साधारण 1250 मीटरांवर काळा बसाल्ट संपतो आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा पुरातन खडक लागतो. आजीच्या भांड्यांना हलवणारा हादरा त्या खडकात, याहूनही खोलवर, सुरू होतो.