मेणबत्ती जळून जाते कुठे?

१० ग्रॅमची मेणबत्ती पूर्ण जळली, की तिच्यापासून साधारण ३१ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १३ ग्रॅम पाणी तयार होतं. बेरीज ४४ ग्रॅम. म्हणजे जी ‘जळून संपली’ असं आपण म्हणतो, ती चौपटीहून अधिक वजनाची होऊन हवेत निघून गेली! हिशेबात चूक नाही. वरचे ३४ ग्रॅम ऑक्सिजनचे आहेत आणि ते मेणबत्तीने खोलीतल्या हवेतून घेतलेत.

पाण्यावर विश्वास बसत नसेल, तर घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन कोरडा, थंड स्टीलचा पेला ज्योतीच्या थोडा वर क्षणभर उपडा धरा. आतून तो धुरकट होतो. बोट फिरवलं तर ओलं लागतं. मेणात पाणी नव्हतं. मेणातला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांचं ते आत्ताच झालेलं पाणी आहे.

रासायनिक अभिक्रिया म्हणजे एवढंच: अणू तेच राहतात, त्यांचे जोडीदार बदलतात. ‘समीकरण संतुलित करा’ हा प्रश्न मुलांना छळायला काढलेला नाही, तो साधा जमाखर्च आहे. मिथेनचा एक रेणू जळायला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचा एक, पाण्याचे दोन रेणू मिळतात. ऑक्सिजनचे अणू मोजा: आधी चार, नंतरही चार.

हा जमाखर्च लोकांना फार उशिरा सुचला. अठराव्या शतकात बहुतेक रसायनतज्ज्ञांना वाटे, की जळताना वस्तूतून ‘फ्लॉजिस्टॉन’ नावाचं काहीतरी बाहेर पडतं. पण धातू तापवून त्याचं भस्म झालं की वजन वाढायचं. काहीतरी बाहेर पडून वजन वाढेल कसं? काहींनी तर फ्लॉजिस्टॉनचं वजन उणे असावं, असंही सुचवून पाहिलं. १७७४ मध्ये फ्रान्सच्या लव्हाझिएने कथील बंद भांड्यात तापवलं. भांड्यासकट वजन तसंच राहिलं. तोंड उघडल्यावर मात्र बाहेरची हवा आत शिरली आणि वजन वाढलं. धातूने आतल्या हवेचा काही भाग स्वतःत घेतला होता. लोखंड गंजताना जड होतं, तेही असंच.

मेण वितळणं हा भौतिक बदल आणि जळणं हा रासायनिक, हे परीक्षेत सगळेच लिहितात. मेणबत्तीत हे दोन्ही एकमेकांपासून बोटभर अंतरावर चाललेले असतात. जळते ती मुख्यतः मेणाची वाफ. ज्योत विझवल्यावर वातीतून पांढरी रेघ वर जाते, तिला लगेच पेटती काडी लावा. ज्योत त्या रेघेवरून उडी मारून वातीवर येते.

मग मेणबत्ती आपोआप का पेटत नाही? कारण अणूंना एकत्र धरून ठेवणारे जुने बंध सैल करायला आधी ऊर्जा मोजावी लागते. काडी ती पहिली रक्कम भरते. ‘बंध तुटले की ऊर्जा बाहेर पडते’ हे वाक्य बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं आणि ते चूक आहे. बंध तोडायला ऊर्जा लागते, नवे जुळताना ती मिळते. मेणबत्तीत मिळकत खर्चाहून जास्त, म्हणून उजेड आणि ऊब. पुढचं मेण पेटवायलाही तीच पुरते.

व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा टाकला, की उलटं घडतं. फसफसून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पेला हाताला गार लागतो. तापमापी काही अंश खाली उतरते. इथे अभिक्रिया आजूबाजूची उष्णता ओढून घेते, तरी तिला काडी लावावी लागत नाही. तोट्यात चाललेला हा व्यवहार आपोआप का व्हावा? ऊर्जेच्या वहीत याचं उत्तर मिळत नाही. सुटा झालेला वायू मोकळा पसरतो, आणि त्या पसाऱ्याची वेगळी वही असते: एन्ट्रॉपी. शाळेत ती सहसा उघडत नाहीत.